गळ टाकण्याआधी : उत्तरेकडच्या तळ्यांवर जायची तयारी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान संपलं की काय?" संपलेलं नाही. खरं म्हणजे गळ टाकून बसलेला माणूस तत्त्वज्ञानात फार जुना आहे. प्लेटोचा 'सोफिस्ट' नावाचा संवाद आहे. त्यात सोफिस्ट म्हणजे कोण, हे ठरवायचं असतं. तो विषय निसरडा, म्हणून आधी एखाद्या साध्या, सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीवर व्याख्या करण्याची रीत तपासून बघू या, असं ठरतं. ती साधी गोष्ट म्हणजे गळाने मासे धरणारा. मग दुभागणी सुरू होते. कला दोन प्रकारच्या, घडवणाऱ्या आणि मिळवणाऱ्या. मिळवणं दोन प्रकारचं, राजीखुशीचं आणि बळजबरीचं. बळजबरी उघड किंवा लपूनछपून. शिकार जमिनीवरच्या प्राण्याची किंवा पोहणाऱ्याची. जाळ्याने किंवा घाव घालून. वरून खाली भाल्याने किंवा खालून वर गळाने. झाली व्याख्या. वर्गात ही शिकवायला मला फार आवडायचं, कारण मुलं पटकन जागी व्हायची.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा खरोखरची काठी हातात घेऊन एका तळ्याकाठी उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की या व्याख्येत माणसाच्या हाताबद्दल सगळं आहे आणि पाण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. कुठलं पाणी, किती खोल, किती गार, वर्षातल्या कुठल्या आठवड्यातलं? तयारी करायची असते ती नेमकी याची. काठी, दोरी, गळ हे दुकानात अर्ध्या तासात मिळतं.

मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या मेन राज्याबद्दल. नकाशात अगदी ईशान्येचा कोपरा, पलीकडे कॅनडा. माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते, तिथून मूसहेड तळ्याच्या दक्षिण टोकाचं ग्रीनव्हिल गाव गाडीने साधारण साडेचार तास. तुमच्यापैकी बरेच जण त्या बाजूला राहता. सुट्टीत तिकडे जाता आणि हात हलवत परत येता, हेही मला माहीत आहे, कारण आम्हीही तसेच आलो होतो.

पहिल्या वर्षी आमचं नियोजन काय होतं? नातीच्या शाळेला सुट्टी ऑगस्टमध्ये, जावयांना रजा ऑगस्टमध्ये, म्हणून ऑगस्टमधली एक केबिन घेतली. तिकडे त्याला 'कॅम्प' म्हणतात, चार भिंती आणि छप्पर असलं तरी कॅम्पच. चार दिवस सकाळी दहाला निवांत नाश्ता करून बोटीत बसायचं, भर उन्हात गळ टाकायचा. बोटभर लांबीचे पर्च सोडले तर काही नाही. जावई म्हणाले, "बाबा, या तळ्यात मासेच नाहीत." मासे होते. आम्ही त्यांच्या डोक्यावरून फिरत होतो.

हे नीट समजून घ्यायला पाण्याचा एक विचित्र स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. बहुतेक पदार्थ गार होतील तसे जड होत जातात. पाणी तसं होतं ४ अंश सेल्सियसपर्यंतच, त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होऊ लागतं. म्हणून बर्फ वर तरंगतं आणि हिवाळ्यात तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी टिकून राहतं. वसंतात वरचं बर्फ वितळतं, वरचं पाणी तापत ४ अंशांना येतं, म्हणजे तळाच्या पाण्याइतकंच जड होतं. अशा वेळी जोराचा वारा सुटला की सबंध तळं वरपासून खालपर्यंत ढवळून निघतं आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. काही आठवडे तळ्यात वर-खाली असा भेद राहत नाही. गार पाण्यातला मासा तेव्हा कुठेही असू शकतो, अगदी काठावर गुडघाभर पाण्यातसुद्धा.

पुढे उन्हं वाढतात. वरचा थर तापतो, हलका होतो आणि झाकणासारखा वर बसतो. खाली गार, जड पाणी. मधे एक पातळसा पट्टा असतो, त्यात थोड्याशा खोलीत तापमान एकदम उतरतं. पोहताना पाय खाली सोडले की घोट्यांना एकदम गारठा लागतो ना, तोच. जुलै-ऑगस्टमध्ये हे झाकण घट्ट बसलेलं असतं. तिथल्या ब्रुक ट्राउट माशाला साधारण १२ ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की त्याला त्रास होऊ लागतो. लेक ट्राउटला, ज्याला मेनमध्ये टोग म्हणतात, त्याहूनही गार लागतं. मग टोग जातो खोल तळाकडे आणि उथळ तळ्यातला ब्रुक ट्राउट जिथे तळातून झऱ्याचं गार पाणी येतं तिथे गर्दी करून राहतो. आम्ही दहा वाजता, वरच्या कोमट थरात, हात-दोन हात खोलीवर आमिष लोंबकळत ठेवलं होतं. म्हणजे मे महिन्यात नागपूरला दुपारी दोन वाजता रस्त्यावर पंगत मांडायची आणि कोणी जेवायला येत नाही म्हणून रुसायचं.

म्हणून तयारीतला पहिला प्रश्न 'सुट्टी कधी आहे' हा ठेवू नका. आधी मासा ठरवा. मासा ठरला की पाण्याचं तापमान ठरतं, तापमानावरून आठवडा ठरतो आणि मग साहेबाकडे रजा मागायची. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की माणूस विचारविनिमय करतो तो साधनांबद्दल, साध्याबद्दल नव्हे. वैद्य 'बरं करावं का' यावर चर्चा करत नाही, 'कसं करावं' यावर करतो. बरोबर आहे. पण आमच्यासारख्यांचं साध्यच 'मासे पकडणं' इतकं ढोबळ असतं, की साधनांचा विचार सुरूच होत नाही.

मासा ठरवताना नावांवर फार विसंबू नका, हे जाता जाता सांगतो. ब्रुक ट्राउट आणि लेक ट्राउट हे दोन्ही काटेकोर अर्थाने ट्राउट नव्हेत, ते चार या कुळातले. तिथला 'लँडलॉक्ड सॅमन' हा मात्र खरा अटलांटिक सॅमन, फक्त समुद्राकडे न जाता आयुष्यभर तळ्यात राहणारा. त्याचं एक मूळ घर सेबेगो तळं, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही सेबेगो आहे. १९६९ पासून तो मेनचा राज्यमासा आहे. आणि आपल्याकडे हॉटेलच्या मेनूवर रावसाला 'इंडियन सॅमन' लिहितात, त्याचा सॅमनशी काडीचा संबंध नाही. (हशा)

तर, आठवडा. मूसहेडवरचं बर्फ बहुतेक वर्षी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात जातं, दक्षिणेकडच्या तळ्यांवरचं त्याआधी. बर्फ गेल्यानंतर लगेचचे दिवस सॅमनचे. स्मेल्ट नावाचे बोटभर, चंदेरी मासे अंडी घालायला ओढ्यांकडे येतात आणि सॅमन त्यांच्या मागे ओढ्यांच्या तोंडाशी येतो. लोक होडी हळूहळू चालवत मागे पिसांचा बनवलेला लांबट 'मासा' ओढतात. यातला सगळ्यात नावाजलेला 'ग्रे घोस्ट'. तो कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी रेंजली भागातल्या अपर डॅमला बनवला. १९२४ मध्ये त्यांनी तिथे स्वतः बांधलेल्या पिसांच्या गळावर जवळपास ७ पौंडांचा ब्रुक ट्राउट धरला आणि देशभर नाव झालं. बाई टोप्या सजवण्याच्या कामातल्या, पिसांवर हात बसलेला. मला ही गोष्ट फार आवडते.

मेच्या मध्यापासून जूनभर ब्रुक ट्राउटचे दिवस, छोट्या तळ्यांचे. पण त्याच वेळी काळ्या माश्या येतात. डासापेक्षा लहान, पण चावतात तेव्हा रक्त येतं. त्यांच्या अळ्या वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाढतात. म्हणजे जिथे पाणी चांगलं तिथे माश्या जास्त, तक्रार करायला जागा नाही. डोक्यावरून घ्यायची जाळी आणि फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. जूनअखेर माश्या ओसरतात, डास राहतात. जुलै-ऑगस्ट हा खोल पाण्यातल्या टोगसाठी किंवा पहाटे पाचला उठणाऱ्यांसाठी. सप्टेंबरमध्ये पाणी पुन्हा गार होऊ लागतं, ट्राउटच्या पोटावर केशरी रंग चढतो, माश्या नसतात. उत्तर विभागात सर्वसाधारण हंगाम १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. मला विचाराल तर सप्टेंबर. पण मला शाळेत जाणारी मुलं नाहीत.

आता कुठलं पाणी. तिथे 'लेक' आणि 'पाँड' यांत पक्का भेद नाही, काही पाँड काही लेकांपेक्षा मोठे आहेत. आपलंही तसंच आहे, तळं कुठे संपतं आणि सरोवर कुठे सुरू होतं हे कोणी सांगावं? पण कायद्याने मात्र एक रेघ मारली आहे, आणि ती सुंदर आहे. १७व्या शतकात मॅसॅच्युसेट्स वसाहतीने ठरवलं की १० एकरांहून मोठं नैसर्गिक तळं हे 'ग्रेट पाँड', ते कोणा एकाच्या मालकीचं नाही, तिथे कोणीही मासे धरू शकतो. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं, त्यामुळे तो नियम तिथेही चालत आला. कायद्याच्या भाषेत सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं मूसहेडसुद्धा 'ग्रेट पाँड'च. आणि या नियमाचा दुसरा भाग असा, की तळ्यापर्यंत पोचायला कोणाच्या मोकळ्या, न कसलेल्या जमिनीतून पायी जाण्याचा हक्क आहे. पायी, बरं का. गाडी घेऊन नाही, कोणाच्या अंगणातून नाही आणि तिथे तंबू ठोकून नाही. खाजगी मालकीचं एवढं कौतुक असणाऱ्या देशात साडेतीनशेहून जास्त वर्षं पाणी सार्वजनिक राहिलं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत होतो.

तळं निवडायला राज्याच्या मत्स्य विभागाने बऱ्याच तळ्यांचे खोलीचे नकाशे फुकट उपलब्ध करून दिले आहेत. त्यांच्याबरोबर सर्वेक्षणाची टिपणं असतात. कुठले मासे सापडले, कमाल खोली किती, वरचं आणि तळाचं तापमान किती होतं, तळाशी प्राणवायू होता का. हे दोन पानी कागद वाचायची सवय लावा. एखादं तळं २० फूटच खोल आणि उन्हाळ्यात तळाशीही कोमट, असं लिहिलेलं असेल तर ऑगस्टमध्ये ट्राउटसाठी तिथे जाऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी गेलो त्या जागेचा असाच कागद होता. आम्ही तो परत आल्यावर वाचला.

कायद्याचं पुस्तक त्यानंतर. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, बाहेरच्यांसाठी थोड्या दिवसांचेही मिळतात. सर्वसाधारण नियम एकीकडे आणि मग एकेका तळ्याचे खास नियम. कुठे फक्त कृत्रिम आमिष, कुठे फक्त फ्लाय, म्हणजे पिसं-दोरा बांधलेला गळ, कुठे जिवंत मासा आमिष म्हणून चालत नाही, कुठे एकच मासा नेता येतो. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचं पुस्तक बघायचं, मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकायचं नाही. सीशाची लहान वजनं तिथे चालत नाहीत, कारण लून नावाचा पाणपक्षी ती गिळतो आणि विषबाधेने मरतो. कथिल किंवा टंगस्टनची घ्या. बाहेरच्या राज्यातून जळाऊ लाकूड न्यायलाही बंदी आहे, लाकडातून झाडांची कीड जाते.

आता जिवंत आमिष. इथे मला जरा थांबायचं आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही जूनमध्ये गेलो. शहाणे झालो होतो ना. सकाळी एका मोठ्या तळ्यावर, जिथे चालतं तिथे, दुकानातून घेतलेले जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे मासे, वापरले. दोन सॅमन मिळाले. दुपारी कोणीतरी सांगितलं म्हणून जंगलातल्या एका लहान तळ्याकडे चालत गेलो, नुसतं बघायला. हातात बादली होती. तिच्यात वीस-पंचवीस मिनो शिल्लक होते. नात नऊ वर्षांची. ती म्हणाली, "आजोबा, आता यांना सोडून देऊ या?" मला फार बरं वाटलं. आपल्याकडे मासा पाण्यात सोडणं म्हणजे जीव वाचवणं. मी म्हटलं, "सोड बाळ."

ती काठाशी वाकली आणि झाडीतून एक वयस्क गृहस्थ जवळजवळ धावत आले. माझ्याच वयाचे असतील. त्यांनी हात पुढे करून तिला थांबवलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "कृपा करून ती बादली इथे ओतू नका. या तळ्यात बाहेरचा मासा कधी आलेला नाही."

पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मी नंतर वाचून पडताळलं. पूर्व अमेरिकेत तळ्यांत टिकलेले रानटी ब्रुक ट्राउट बहुतांशी मेनमध्ये आहेत, आणि आर्क्टिक चार हा मासा तर अलास्का सोडला तर अमेरिकेत मूळचा फक्त मेनमधल्या मोजक्या तळ्यांत उरला आहे. बर्फयुग ओसरताना ही तळी तयार झाली, मासे आत आले आणि वाटा बंद झाल्या. हजारो वर्षं एकेका तळ्यात एकेक वंश. तिथे बाहेरचा छोटा मासा गेला की तो पिल्लांचं खाणं खातो, कधी पिल्लंच खातो, आणि एकदा वाढला की बाहेर काढता येत नाही. रेंजलीच्या तळ्यांत ब्लूबॅक नावाचा चारचा एक प्रकार इतका होता, की शरद ऋतूत ओढ्यांतून पाट्या भरभरून नेत. १९व्या शतकाच्या अखेरीस तिथे सॅमन सोडले, मग त्यांना खायला स्मेल्ट सोडले. विसावं शतक उजाडून थोडी वर्षं होतात तोवर तिथला ब्लूबॅक संपला होता. ज्यांनी सोडले ते काही दुष्ट नव्हते, तळी 'सुधारायला' निघाले होते.

बिग रीड पाँड नावाचं एक दूरचं, जुन्या जंगलातलं तळं आहे. तिथे कोणीतरी बेकायदा स्मेल्ट नेले. चार आणि ब्रुक ट्राउट दोन्ही संपायला आले. शेवटी शास्त्रज्ञांनी उरलेले मोजके मासे धरून बाहेर सांभाळले, त्यांची पिल्लं वाढवली, आणि २०१० मध्ये सगळ्या तळ्यात रोटेनोन टाकलं. हे काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळणारं माशांचं विष. तळ्यातला प्रत्येक मासा मारला, मग सांभाळलेल्यांची पिल्लं परत सोडली. विचार करा. कोणी नेली असेल एक बादली. तिची किंमत म्हणून सगळं तळं मारून पुन्हा जिवंत करावं लागलं.

२००५ मध्ये मेनने कायदा केला. ज्या तळ्यांत कधीच मासे सोडलेले नाहीत किंवा फार वर्षांत सोडलेले नाहीत, अशी शेकडो तळी आज 'वारसा पाणी' म्हणून यादीत आहेत. तिथे बाहेरचे मासे सोडायचे नाहीत आणि जिवंत मासा आमिष म्हणून वापरायचा नाही. आम्ही उभे होतो ते तळं त्या यादीत होतं. पुस्तक गाडीत होतं. मी ते सकाळच्या तळ्यापुरतं वाचलं होतं.

मिनोंचं काय केलं? त्या गृहस्थांनी सांगितलं तसं, पाण्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर ओतले. नातीने विचारलं, "ते मरतील ना?" मी हो म्हटलं. ती रडली. माझ्याकडे तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला वीस मिनो जमिनीवर तडफडताना एवढंच दिसत होतं, की पाच मिनिटांपूर्वी आपल्याला जे पुण्य वाटत होतं ते दोन पानं न वाचल्यामुळे वाटत होतं. आपण आपल्याकडे कुठे वेगळं केलं? तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला, तोही गरिबांना मासा मिळावा म्हणून. आज आपल्या कितीतरी तलावांत जाळ्यात आधी तोच येतो.

म्हणून माझा नियम: आमिष त्या दिवशी, त्याच भागात, लागेल तेवढंच घ्यायचं. उरलं तर कुठल्याही पाण्यात सोडायचं नाही. दुसऱ्या राज्यातून जिवंत आमिषमासे मेनमध्ये नेणं तर बेकायदाच आहे. आणि लहान तळ्यावर जाताना बादली गाडीत. होडी एका तळ्यातून दुसऱ्यात न्यायची तर आधी तिला चिकटलेली वनस्पती काढायची, साचलेलं पाणी ओतून द्यायचं, कोरडी करायची, कारण पाणवनस्पतीही अशाच प्रवास करतात.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. ग्रीनव्हिल किंवा मिलिनॉकेटच्या पुढे मोठं जंगल लागतं. ते बहुतेक लाकूड कंपन्यांच्या मालकीचं, रस्ते कच्चे, त्यांनीच ओंडके न्यायला बांधलेले. काही भागांत फाटकावर नाव नोंदवून शुल्क भरावं लागतं. ओंडक्यांच्या ट्रकला पहिला हक्क. तो दिसला की बाजूला थांबायचं, मधे यायचं नाही. सुटं चाक चांगलं हवं. फोन लागत नाही, म्हणून छापील नकाशा हवा. डीलॉर्मचा मेनचा नकाशासंग्रह तिथे घरोघरी असतो. अंधार पडल्यावर गाडी हळू, कारण मूस रस्त्यावर येतो. काळा, उंच पायांचा प्राणी, गाडीच्या दिव्यात उशिरा दिसतो.

आणि पाणी. मे महिन्यात ऊन छान असतं, पण पाणी ५ ते १० अंशांचं. त्यात पडलेला माणूस चांगला पोहणारा असला तरी मिनिटांत हातपाय काम देत नाहीत. मूसहेडसारख्या मोठ्या तळ्यावर दुपारी वारा सुटला की लहान होडीला पेलणार नाहीत अशा लाटा उठतात. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे. ज्यांना यातलं काही झेपणार नाही त्यांनी पहिल्या खेपेला वाटाड्या घ्यावा. मेनमध्ये वाटाड्यांना १८९७ पासून राज्याची नोंदणी लागते आणि नोंदणीतली पहिली व्यक्ती एक बाई होती, कॉर्नेलिया क्रॉस्बी, 'फ्लाय रॉड' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या. आजही तोंडी परीक्षा असते. सोबतचा माणूस जंगलात हरवला तर काय कराल, असं विचारतात. आमच्या पीएचडीच्या तोंडीपेक्षा जास्त उपयोगाची.

सामानाची यादी मी देणार नाही. ती थोरोने देऊन ठेवली आहे. तो १८४६, १८५३ आणि १८५७ अशा तीन वेळा मेनच्या जंगलात गेला. शेवटच्या खेपेला जो पोलिस नावाचा पेनॉबस्कॉट जमातीचा वाटाड्या बरोबर होता. 'द मेन वूड्स' हे पुस्तक थोरोच्या मृत्यूनंतर, १८६४ मध्ये निघालं, आणि त्याच्या परिशिष्टात जुलैमधल्या १२ दिवसांच्या सफरीला काय न्यावं याची यादी आहे. तिघांसाठी २८ पौंड कडक पाव, १६ पौंड डुकराचं मांस, १२ पौंड साखर, गळ-दोरी, किड्यांसाठी जाळी, मासे तळायला मक्याचं पीठ आणि सहा लिंबं. आपल्या माणसाने पहिल्यांदा वाचली की वाटतं, मसाला कुठे आहे? आम्ही हळद-तिखट-मीठ एका डबीत नेतो, लिंबं तीच.

आता प्रश्न घेऊ या.

एका ताईंनी विचारलंय, तिथले मासे खावेत का. खावेत, पण मोजून. कोळसा जाळल्याने हवेत गेलेला पारा दूरवर येऊन पाण्यात उतरतो आणि मोठ्या माशांत साठतो. म्हणून मेनच्या आरोग्य विभागाचा सल्ला सगळ्या गोड्या पाण्याला लागू आहे. ब्रुक ट्राउट आणि लँडलॉक्ड सॅमन मोठ्या माणसांनी आठवड्यातून एकदा, बाकीचे मासे महिन्यातून दोनदा. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी सल्ला फार कडक आहे, पहिल्या दोन जातींचं महिन्यातून एक जेवण, बाकी काहीच नाही. काही तळ्यांचे वेगळे इशारे असतात, ते बघून घ्या.

दुसरा प्रश्न अपेक्षितच होता: सोडून द्यायचा असेल तर मासा पकडायचाच कशाला? मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. मी खाण्यापुरता धरतो आणि तेवढे झाले की काठी ठेवतो. माझे जावई सोडतात, आणि ते म्हणतात की तुम्ही मारता ते कमी वाईट कसं? आमचा वाद मिटलेला नाही. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. खिशात दोरी बांधलेलं थर्मामीटर असतं. पाणी २० अंशांच्या वर असेल तर ट्राउटसाठी गळ टाकायचा नाही, कारण त्या पाण्यात झुंजून दमलेला मासा, कितीही हळुवार सोडला तरी, तळाशी जाऊन मरण्याची शक्यता फार. तो मेलेला आपल्याला दिसत नाही एवढंच.

शेवटचा, नातीचं पुढे काय झालं. ती आता पंधरा वर्षांची आहे. तळ्यावर येते, गळ टाकत नाही. खोलीचा नकाशा ती वाचते, होडी कुठे थांबवायची ते ती सांगते, आणि कायद्याच्या पुस्तकातलं त्या तळ्याचं पान निघण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवते. यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय, शाळेतून दोन दिवसांची रजा तिच्या आईने काढली आहे.